फिटच्या गोळ्या, माझे बाळ आणि उशिरा विचारला गेलेला प्रश्न

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. त्याच्या पायांना, बोलण्याला आणि शिकण्याला ज्या अडचणी जन्मापासून आहेत, त्यांचे नाव आम्हांला तो तीन वर्षांचा झाल्यावर कळले, आणि त्या नावामागे मी स्वतः रोज सकाळ-संध्याकाळ घेतलेली एक गोळी आहे हेही त्याच वेळी कळले. त्यानंतर निदान, औषधाची नोंद, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि माझे औषध बदलणे या सगळ्यांत बराच काळ गेला. या वाटेवर मला माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली, बहुतेक वेळा उशिरा मिळाली, म्हणून घडले त्या क्रमाने सगळे लिहून ठेवते आहे.

मला पंधराव्या वर्षापासून सकाळी उठल्यावर हाताला झटके येत. कंगवा हातातून उडून पडे, चहाचा कप सांडे, आणि घरचे धांदरटपणा म्हणून रागावत. २००७ साली बारावीच्या अभ्यासासाठी सलग जागरणे केल्यावर पहिली मोठी फिट आली. डॉक्टरांनी ‘जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा (फिटच्या आजाराचा) एक प्रकार, असे निदान करून सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू केले, आणि मला हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की त्या औषधाने मला माझे आयुष्य परत दिले. झटके थांबले, मी पदवी पूर्ण केली, नोकरी केली. ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन वेळा, हा क्रम पुढची पंधरा वर्षे चालला.

२०१६ मध्ये माझे लग्न झाले. स्थळे येत होती तेव्हा आजार सांगायचा की नाही यावर आमच्या घरी बरेच वाद झाले. आमच्याकडे या आजाराचे नाव दबक्या आवाजातच घेतले जाई, आणि त्यात नवल नव्हते, कारण १९९९ साली दुरुस्ती होईपर्यंत हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचे एक कारण म्हणून नोंदलेले होते. शेवटी आईने माझ्या सासूबाईंना समोर बसवून सगळे सांगितले, आणि त्यांनी ते समजून घेतले. लपवालपवी नव्हती, औषध वेळेवर चालू होते, दर सहा महिन्यांनी तपासणी होत होती. तरीही या सगळ्या काळात ‘मूल हवे असेल तेव्हा आधी मला येऊन भेटा, औषध बदलावे लागेल’ हे वाक्य मला कोणीही सांगितले नाही. फिट बघणाऱ्या डॉक्टरांना वाटले असेल की ते स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना वाटले असेल की ते आधीच सांगून झाले आहे.

२५ मे २०१८ रोजी घरी चाचणी केली तेव्हा मी सात आठवड्यांची गरोदर होते. त्या दिवसापासून फॉलिक ॲसिड सुरू झाले. फिटच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत असे मला सांगण्यात आले, आणि त्या टप्प्यावर ते बरोबरच होते. मला नंतर समजले ते असे, की बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येऊन चाचणी होईपर्यंत तो काळ बहुतेक संपलेला असतो. औषधाचा विचार गर्भधारणेच्या आधी करायला हवा, असे डॉक्टर म्हणतात ते याच हिशेबाने.

९ जानेवारी २०१९ रोजी मुलगा झाला. त्याचे दोन्ही पाऊल आत वळलेले होते आणि मूत्रमार्गाचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला होते. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत यांपैकी काहीच आले नव्हते. बारशाला आलेल्या एका नातलग बाईंनी ग्रहणाचा विषय काढला. २७ जुलै २०१८ ला, गुरुपौर्णिमेच्या रात्री, मोठे खग्रास चंद्रग्रहण होते आणि मी त्या रात्री ऑफिसच्या कामासाठी लॅपटॉपवर बसले होते, हे त्यांना कसे ठाऊक होते ते मला माहीत नाही. ती गोष्ट मी तीन वर्षे मनात घेऊन फिरले. त्या रात्री मला सोळावा आठवडा चालू होता, आणि बाळाचे हातपाय आठव्या आठवड्यापर्यंतच घडलेले असतात, हे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते.

पायांवरचे उपचार दहाव्या दिवशी सुरू झाले. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाय हलक्या हाताने थोडा सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. आम्हांला सहा प्लास्टरे लागली, प्रत्येकी ७०० रुपये. मग टाचेमागची शीर छोट्या छेदाने सैल केली आणि तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर झाले. त्यानंतर पट्टीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चौथ्या वर्षापर्यंत झोपताना घालायचे होते. बूट चुकवले तर पाय पुन्हा वळतो, म्हणून बाळ कितीही रडले तरी ते काढायचे नाहीत, आणि हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवणे फार गरजेचे आहे. हा उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली विनामूल्य मिळू शकतो हे आम्हांला खर्च करून झाल्यावर कळले. मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेची तारीख २६ मार्च २०२० होती. त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली आणि ती शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये झाली.

अडीच वर्षांचा झाला तरी तो सहा-सात शब्दच बोलत होता. टाळेबंदीतली सगळीच मुले उशिरा बोलतात, असे आम्हांला दोन ठिकाणी सांगितले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये कानांची बेरा तपासणी केली, १,८०० रुपये लागले, आणि ऐकू व्यवस्थित येते असे कळले. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या आरोग्य पथकातील डॉक्टरांनी आम्हांला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तिथे विनामूल्य तपासणी होते.

तिथे १९ ऑक्टोबर २०२१ रोजी एका तरुण डॉक्टरबाईंनी मुलाला तपासले, पाय पाहिले, शस्त्रक्रियेचा कागद वाचला आणि मग मला विचारले, “ताई, गरोदरपणात कोणत्या गोळ्या चालू होत्या?” मी गोळीचे व्यापारी नाव सांगितले. त्यांनी पाकिटावरचा घटक वाचायला सांगितला. मी मोबाइलवरचे जुने बिल उघडून ‘सोडियम व्हॅल्प्रोएट’ असे वाचले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की पुण्यातल्या जनुकीय तज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या, आणि स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका.

मी थांबवल्या. तो दिवस आणि त्यानंतरची रात्र कशी गेली हे मला लिहिता येणार नाही, पण ती गोळी मला तोंडात घालवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात मोठी फिट आली, कपाळावर चार टाके पडले, आणि माझ्या पडण्याचा आवाज ऐकून मुलगा दाराशी येऊन उभा राहिला होता. हे वाचणाऱ्या ज्या कोणी ताई सध्या हे औषध घेत असतील, गरोदर असतील किंवा नसतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एकही गोळी स्वतःहून थांबवू नका. अचानक थांबवल्याने येणारी फिट आईचा आणि पोटातल्या बाळाचा जीव घेऊ शकते. आज गोळी घ्या आणि डॉक्टरांची वेळही आजच मागा.

जनुकीय तज्ज्ञांची वेळ आम्हांला ८ फेब्रुवारी २०२२ ची मिळाली. पहाटेच्या एसटीने पुणे गाठले. भेटीचे १,२०० रुपये होते आणि ती भेट सव्वा तास चालली. डॉक्टरांनी मुलाचे डोळे, नाकाचा दांडा, नाक आणि वरच्या ओठामधले अंतर मोजले, आमच्या दोघांच्या घरचे फोटो मागितले. त्याचा वरचा ओठ अगदी पातळ आहे. तो माझ्या वडिलांवर गेला आहे असे आम्ही तीन वर्षे कौतुकाने म्हणत आलो होतो, आणि वडिलांचा फोटो नीट पाहिल्यावर तो तसा नाही हे मला त्या खोलीत पहिल्यांदा दिसले.

गुणसूत्रांतला दोष नाही ना हे पाहण्यासाठी मायक्रोॲरे ही रक्ततपासणी केली. तिला १८,५०० रुपये लागले आणि अहवाल पाच आठवड्यांनी आला. त्यात काही सापडले नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की व्हॅल्प्रोएटमुळेच हे झाले असे सिद्ध करणारी कोणतीही रक्ततपासणी नसते. गरोदरपणातला औषधाचा इतिहास, चेहऱ्याची ठेवण, पाय आणि मूत्रमार्गातले व्यंग, बोलण्यातला उशीर हे सगळे एकत्र जुळले आणि बाकीची कारणे वगळली गेली की हे निदान करतात. कागदावर त्यांनी ‘फीटल व्हॅल्प्रोएट स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, म्हणजे गर्भात असताना व्हॅल्प्रोएटमुळे बाळावर झालेले परिणाम, असे लिहिले.

त्यांनी जे आकडे समजावले ते मी वहीत उतरवून घेतले होते. एरवी शंभर बाळांमागे दोन-तीन बाळांना मोठे जन्मजात व्यंग असते. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या शंभर बाळांमागे हे प्रमाण दहाच्या आसपास जाते, आणि तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी येऊ शकतात. मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त, पण अमुक मात्रेखाली धोका नाही अशी रेघ ओढता येत नाही. याचा अर्थ बहुतेक बाळे शारीरिक व्यंगाशिवाय जन्मतात असाही होतो, आणि आधीच गरोदर असलेल्या बाईला हे सांगणे तितकेच आवश्यक आहे.

मी त्यांना विचारले की हे अलीकडे कळले आहे का. त्या म्हणाल्या की हे औषध फ्रान्समध्ये १९६७ पासून वापरात आहे आणि १९८२ मध्ये तिथल्याच ल्यों शहरातल्या संशोधकांनी मणक्याच्या व्यंगाशी त्याचा संबंध दाखवला होता. ब्रिटन आणि युरोपात २०१८ पासून, म्हणजे मी गरोदर होते त्याच वर्षापासून, मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रीला हे औषध द्यायचे तर गर्भनिरोधनाची आणि लेखी समजुतीची अट घातली गेली. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही ठेवली जाते, आणि त्या नोंदींतही व्हॅल्प्रोएटचा धोका दिसला आहे. माझा जन्म १९९० चा आहे. जे माझ्या जन्माच्या आठ वर्षे आधी छापले गेले होते, ते माझ्यापर्यंत पोहोचायला माझ्या मुलाचे तिसरे वर्ष उलटावे लागले. त्या दिवशी परतीच्या प्रवासात माझे पती एवढेच म्हणाले, “तू औषध घेतलेस म्हणून तू जिवंत आहेस,” आणि ते वाक्य मी अजून धरून आहे.

निघताना डॉक्टरांनी औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्याविषयी सांगितले. भारतात औषधसुरक्षेवर लक्ष ठेवणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालतो आणि गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून त्याचे काम पाहिले जाते. रुग्ण स्वतःही कळवू शकतो आणि त्यासाठीचा फॉर्म मराठीतही आहे, हे मला ठाऊक नव्हते. मे २०२२ मध्ये मी १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कामाच्या वेळेत फोन केला आणि त्यांनी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या केंद्रात जायला सांगितले. हे केंद्र औषधशास्त्र विभागात असते. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर विचारले तर बहुधा कोणालाच माहीत नसते, म्हणून सरळ विभागाचे नाव विचारावे.

१७ जून २०२२ रोजी मी तिथे गेले. रुग्ण म्हणून कोणाचे नाव लिहायचे इथेच पहिली अडचण आली, कारण गोळी मी घेतली होती आणि परिणाम मुलावर झाला होता. तिथल्या ताईंनी सांगितले की रुग्ण मुलगा, त्याची फक्त आद्याक्षरे, आणि औषध आईमार्फत पोहोचले असे लिहायचे. औषधाचा घटक, मात्रा, कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी, हे सगळे विचारतात. बॅच क्रमांक माझ्याकडे नव्हता, तो नसला तरी नोंद अडत नाही. पंधरा वर्षांत माझ्या गोळीचे व्यापारी नाव तीनदा बदलले होते, त्यामुळे जुन्या चिठ्ठ्या आणि बिले जपून ठेवल्याचा इथे फार उपयोग झाला. ज्यांनी ठेवली नसतील त्यांनी औषधाच्या दुकानात विचारून पाहावे, संगणकावर जुनी बिले मिळू शकतात. त्यांच्या फॉर्मवर परिणाम किती गंभीर होता यासाठी चौकोन होते: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल, अपंगत्व, जन्मजात व्यंग. त्या ताईंनी पेन माझ्यापुढे केले आणि ती खूण मीच केली. खूण करून झाल्यावर मी बराच वेळ तिथे बसून होते, आणि त्यांनी मला उठायला सांगितले नाही.

या नोंदीने भरपाई मिळत नाही आणि कोणा डॉक्टरांवर कारवाईही होत नाही. नावे गुप्त राहतात. नोंद गाझियाबादला आणि तिथून जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करणाऱ्या स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्राच्या संग्रहात जाते. मला पावतीचा क्रमांक मिळाला तो मी मुलाच्या फायलीत पहिल्या पानावर लावला आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज केला. जन्मदाखल्यावर आणि आधारवर मुलाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता, तेवढ्यासाठी सहा आठवडे गेले; अर्ज करण्याआधी ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून अक्षर न अक्षर पडताळावे. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाची तारीख नोव्हेंबरची मिळाली आणि कार्ड फेब्रुवारी २०२३ मध्ये पोस्टाने आले. लहान वयात मिळते ते प्रमाणपत्र तात्पुरते असते आणि पुढे फेरतपासणी होते. अर्ज करायला पैसे लागत नाहीत. आम्हांला मिळून खर्च आला तो झेरॉक्स आणि प्रवासाचाच.

माझे औषध बदलायला जून २०२२ मध्ये सुरुवात झाली. नव्या डॉक्टरांनी लेव्हेटिरॅसिटम निवडले, कारण माझ्या प्रकारच्या फिटवर ते चालते आणि गरोदरपणातल्या व्यंगांचे प्रमाण त्यात एरवीइतकेच आढळले आहे. नवे औषध हळूहळू वाढवत आणि जुने हळूहळू कमी करत पाच महिने गेले. चौथ्या महिन्यात सकाळचे झटके परत आले आणि मात्रा वाढवावी लागली. त्या काळात सासूबाईंनी मला गॅसजवळ एकटीला उभे राहू दिले नाही, आणि मी गाडी चालवली नाही. नव्या औषधाने मला चिडचिड फार झाली. ती औषधाचीच असू शकते हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते, म्हणून घरात ते सर्वांना माहीत होते.

पूर्ण एक वर्ष एकही मोठी फिट न येता गेल्यावर, सप्टेंबर २०२३ मध्ये फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, आणि त्यानंतरच आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार केला. गरोदरपणात लेव्हेटिरॅसिटमचे रक्तातले प्रमाण घटते, त्यामुळे मात्रा दोनदा वाढवली. बाराव्या आठवड्यातली सोनोग्राफी झाली, एकोणिसाव्या आठवड्यातली व्यंगतपासणी झाली, आणि नंतर बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी झाली. एकोणिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी दोन्ही तळपाय पडद्यावर दाखवले तेव्हा माझ्या पतींनी माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही बोटे दुखत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये मुलगी झाली. जागरण हे माझ्या फिटचे सर्वांत मोठे कारण असल्यामुळे रात्री दोनचे दूध वाटी-चमच्याने सासूबाई पाजत आणि मी सलग पाच तास झोपत असे. हे बाळंतपणाआधीच ठरवून घ्यावे.

मुलगा आता पहिलीत आहे. तो चालतो, पळतो, आणि पाच-सहा शब्दांची वाक्ये बोलतो. आठवड्यातून तीन वेळा वाचा-उपचार चालू आहेत, एका वेळेचे ४०० रुपये.

गेल्या जूनमध्ये माझ्या नणंदेची मुलगी आमच्याकडे राहायला आली होती. तिचे लग्न ठरले आहे आणि तिला अर्धशिशीचा त्रास आहे. रात्री जेवण झाल्यावर ती गोळी घेऊ लागली तेव्हा मी सहज पाकीट हातात घेतले, आणि व्यापारी नावाखालच्या बारीक अक्षरांत तेच नाव होते. हे औषध अर्धशिशीसाठी आणि काही मानसिक आजारांसाठीही देतात, हे मला ऐकून माहीत होते, पण ते आमच्याच घरात असेल असे वाटले नव्हते. मी तिला त्या रात्रीची गोळी घेऊ दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिच्या डॉक्टरांकडे गेलो, मुलाची फाईल मी बरोबर घेतली होती. त्यांनी ती शांतपणे पूर्ण वाचली, तिचे लग्न कधी आहे ते विचारले, आणि दुसरे औषध लिहून दिले.